पैसे ज्याने घेतले, त्याला धरा

आमच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटरची टाकी बसली, काचेच्या नळ्या लागल्या. पाइप मात्र न्हाणीघरापर्यंत आलाच नाही. ठेकेदाराने निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ घेतली आणि महिनाभर ‘उद्या माणूस पाठवतो’ एवढेच चालू आहे. वकील असून आम्ही फसलो, हे कबूल!

आमचाही राग आधी पाइप जोडणाऱ्या पोरावर निघाला. तो रोजंदारीवरचा, त्याचीच मजुरी ठेकेदाराने थकवलेली. त्याच्यावर डाफरून काय मिळणार? पावती ज्याने दिली, जाब त्यालाच विचारला पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन काम अर्धवट सोडणे ही सेवेतील त्रुटी आहे. दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. (हे लिहून आम्ही आमच्याच पोटावर पाय देत आहोत.) पण पावती हवी. ओळखीच्या माणसाकडे ती मागायची आपल्याला लाज वाटते, तिथेच घात होतो.

आम्ही गच्चीचे फोटो काढून ठेवले, पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने धाडली. मुदत शुक्रवारी संपते. तोवर आंघोळीचे पाणी गॅसवर.