आंबील ओढा आणि अमेरिकन हेर

आपल्याच शहराचा जुना चेहरा वरून बघायचा, तर अमेरिकन हेरांचे आभार मानावे लागतात. ही गोष्ट गेले काही महिने मला टोचते आहे. आज त्याबद्दलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचा 'कोरोना' नावाचा हेर-उपग्रहांचा कार्यक्रम चालू होता (हो, नाव खरंच हेच, रोग नंतरचा). फोटो थेट खाली पाठवायची सोय त्या उपग्रहांत नव्हती. त्यामुळे फिल्मची रिळं कॅप्सूलमध्ये घालून पॅराशूटने खाली सोडायची आणि विमानाने ती हवेतल्या हवेत पकडायची, असा सगळा अचाट प्रकार! लक्ष्य अर्थातच रशिया आणि चीन, पण वाटेत आपणही होतो. १९९५ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी ही आठ लाखांहून जास्त चित्रं खुली केली. यूएसजीएसकडे कोणीतरी एकदा पैसे भरून एखादी फ्रेम स्कॅन करून घेतली, की पुढे ती सगळ्या जगाला फुकट. शेवटच्या कॅमेऱ्यांना साधारण दोन मीटरची वस्तू वेगळी दिसायची. म्हणजे माणूस नाही, पण घर, विहीर, बांध नक्की.

पुण्याचा असा एक पट्टा उघडला की पहिली दहा मिनिटं काहीही कळत नाही. सवयीने आपण रस्ते आणि इमारती शोधतो, आणि नेमक्या त्याच नसतात. कोथरूड म्हणून जे काही आहे ते एक गाव आणि भोवती शेतं. त्यामुळे शोधायच्या त्या हट्टी गोष्टी. रेल्वे पुण्यात १८५८ साली आली. रूळ सहसा वळण बदलत नाहीत. रेसकोर्सचा लंबगोल. शनिवारवाड्याचा चौकोन. पर्वती, आणि तिच्या पायथ्याला वळसा घालून जाणारा मुठा उजवा कालवा. कालवा तर फारच कामाचा, कारण तो जमिनीच्या उताराचा गुलाम. कोणा नगरसेवकाला वाटलं म्हणून सरळ होत नाही.

एक गंमत सांगतो. उत्तर वर ठेवून फोटो बघितला तर टेकड्या खड्ड्यांसारख्या दिसतात! आपल्या मेंदूला उजेड वरून येणार असं वाटत असतं, आणि पुण्यात मे महिन्याचा मध्य ते जुलै अखेर सोडून भर दुपारी सावली उत्तरेला पडते. फोटो सरळ उलटा करा, दक्षिण वर. पर्वती टुणकन वर येते.

कॉम्प्युटरला हे काम द्यावं असं कोणालाही वाटेल (मी पोटासाठी तेच करतो). पण दोन चित्रांतले सारखे बिंदू जुळवणारे नेहमीचे प्रोग्रॅम इथे हात टेकतात, कारण पन्नास-साठ वर्षांत सारखं राहिलेलंच इतकं थोडं असतं. शिवाय या कॅमेऱ्याचा पट्टा कडेला ताणला जातो, त्यामुळे तीन बिंदू धरून चित्र बसवलं की काम झालं, असं होत नाही. हातानेच बिंदू शोधायचे, छोटे तुकडे पाडायचे आणि एकेक बसवायचा.

आणि बसवता बसवता लक्षात येतं की शहर वरवर बदलतं, खालचा सांगाडा शेताचाच राहतो. पुण्यात अजून पत्त्यात 'स. नं.' लिहितात ना? तो शेताचा सर्व्हे नंबर. सोसायट्या पडल्या त्या त्या नंबरांवर, गल्ल्या गेल्या बांधांवरून. एखादी गल्ली उगाचच वाकडी असेल तर तिथे बांध होता, नाहीतर ओढा होता.

खालच्या मजल्यावरच्या काकांना एकदा लॅपटॉपवर तो पट्टा दाखवला. माझ्यासाठी तो नुसता राखाडी डाग होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक स्क्रीनला लावलं आणि म्हणाले, "अरे, ही मळ्यातली विहीर. आम्ही पोहायला यायचो इथे. तुमच्या पार्किंगखाली आहे बघ ती." मी म्हटलं, "काका, कशावरून?" तर म्हणे, "शेजारी ओढ्याचं वळण दिसत नाही का तुला?" दिसलं! झाडांची एक काळपट रेघ. आता तिथे ओढाही नाही आणि वळणही. गटाराची दोन झाकणं आहेत.

इथे विषय गंमतीचा राहत नाही. आंबील ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरातून येऊन दांडेकर पुलाकडून मुठेला मिळणारा. पेशवाईत नानासाहेबांनी त्याचा शहरातला प्रवाह वळवला होता, म्हणजे ओढ्यांशी खेळणं काही आपण सुरू केलेलं नाही. पण वळवणं वेगळं आणि नाहीसं करणं वेगळं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात पाणी घुसलं. पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. यातला सहकारनगरचा काही भाग १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरातल्या लोकांसाठी वसवलेला. पुरातून उठवून आणलेल्या वस्तीशेजारी दुसरा पूर!

माझं म्हणणं साधं आहे. शहरांचे जे जुने हवाई फोटो सरकारी दफ्तरांत पडले आहेत ते स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवा. आणि बांधकाम परवानगीच्या कागदांत त्या प्लॉटचा जुना फोटो सक्तीचा करा. फ्लॅट घेताना आपण मॉड्युलर किचन बघतो, व्हिट्रिफाइड टाइल्स बघतो, वास्तुशास्त्रसुद्धा बघतो. खालून काय वाहत होतं ते कोणी दाखवत नाही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे सुरक्षा. अहो, ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनीच तर हे फोटो काढलेत आणि वाटून टाकलेत! २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बरेच निर्बंध स्वतःच उठवले. तेव्हा धोरणाचा अडथळा फारसा उरलेला नाही. उरलाय तो बहुधा आळस, आणि (हे माझं मत) ओढ्यावर काय काय उभं आहे ते उघड दिसेल याची भीती.

ब्रिटनमध्ये एरोफिल्म्स नावाच्या कंपनीच्या १९१९ पासूनच्या हवाई फोटोंचा संग्रह असाच लोकांपुढे ठेवला. ज्या फोटोंची जागाच माहीत नव्हती तेसुद्धा टाकले, आणि लोकांनी चर्चचा कळस, कारखान्याची चिमणी यावरून गावं ओळखून दिली. आपल्याकडे असे काका गल्लोगल्ली आहेत. फक्त ते ऐंशीच्या पुढे गेलेत, म्हणून घाई.

एक सावधगिरी मात्र हवी. हे फोटो ढग नसताना काढलेले, म्हणजे बहुतेक करून कोरड्या दिवसांतले. ओढा तेव्हा केसासारखा बारीक दिसतो. दिसला तर आहेच, पण दिसला नाही म्हणजे नव्हता असं बिल्डरला म्हणू देऊ नका. झाडांची रांग बघा, शेतांच्या सीमा अचानक कुठे वाकतात ते बघा.

काकांनी आणखी तीन विहिरी लावून दिल्यात. चौथीवरून त्यांचा आणि काकूंचा वाद चालू आहे. काकू म्हणतात ती विहीर नव्हे, चुन्याची घाणी होती. पुढच्या रविवारी बिबवेवाडीकडचा तुकडा बसवायला घेतोय, तेव्हा दोघांनाही बोलावलंय.