चोर घरांत शिरल्यावर

पवनेच्या खोऱ्यांत तिकोणा पेठ म्हणून गांव आहे. तिकोणा ऊर्फ वितंडगड ह्या किल्ल्याच्या पायथ्याचें तें गांव. समोर तुंग, खालीं धरणाचें पाणी, आणि शनिवार-रविवारीं पुण्यामुंबईच्या तरुण मंडळींची वर्दळ. हीं मंडळी उंच पायऱ्या धापा टाकीत चढतात, तटाबुरुजांचीं छायाचित्रें घेतात आणि परततात. परंतु किल्ला म्हणजे नुसता तट नव्हे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे एकाच प्रतीचे तीन अधिकारी असत व कारभार तिघांनीं मिळून करावयाचा असे, हें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. एक जण फितला तरी गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर दारूखाना राहत्या घराच्या जवळ नसावा, येथपर्यंत खुलासा आहे. आग केव्हां तरी लागेल हें गृहीत धरून ती लागण्यापूर्वीं केलेला हा विचार. इतकें असूनहि गड जात. पुरंदरच्या तहांत, १६६५ सालीं, जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत तिकोणाहि होता. तो पुढें परत घेतला.

आज आपला पैसा, पत्रव्यवहार, जमिनीचे कागद, औषधोपचाराचीं टिपणें हीं सारीं संगणकांत गेलीं आहेत. त्यांना कुलूप कसें लावावें हें विचारणारे पुष्कळ भेटतात. पण कुलूप फुटल्याचें कळल्यावर पहिल्या घटकेंत कोणीं काय करावयाचें, हें ठरवून ठेवणारे थोडे. ह्या महिन्यांत तेवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठीं उदाहरण दूर शोधावयास नको. १९०६ मध्यें पुण्यांत स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या परिचित असेल. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशीं कांहीं तासांत २८ देशांतील ए. टी. एम. यंत्रांतून, ह्या बँकेच्या नकली व्हिसा कार्डांवर सुमारें बारा हजार वेळां पैसे काढले गेले. रक्कम ७८ कोटी रुपये. देशांतल्या देशांत रूपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले.

हें घडलें कसें, तें समजून घेण्यासारखें आहे. यंत्रांत कार्ड घातलें म्हणजे ‘ह्या खात्यांत इतके पैसे आहेत काय?’ असा एक निरोप बँकेकडे जातो, आणि बँकेचा संगणक होय किंवा नाहीं असें उत्तर देतो. चोरांनीं वाटेंतच आपला एक तोतया बसविला होता. निरोप खऱ्या संगणकापर्यंत पोहोंचतच नव्हता, आणि तोतया येईल त्याला होय म्हणत होता. (तोतयांचा प्रताप पुणेकरांस नव्यानें सांगावयास नको.) म्हणून ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाहीं, गेला तो बँकेचा पैसा. अशा प्रकारची लूट होणार आहे असा इशारा अमेरिकेच्या एफ. बी. आय. नें बँकांना आदल्याच दिवशीं दिला होता.

शनिवारचा घाव एवढ्यावर थांबला नाहीं. सोमवारीं, १३ ऑगस्टला, देशोदेशींच्या बँका ज्या स्विफ्ट नांवाच्या व्यवस्थेनें एकमेकींना हुकूम धाडतात, त्याच मार्गानें १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत रवाना झाले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानें २०१९ च्या अहवालांत ह्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांना शिक्षा दिली. बँक टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट.

माझ्या मतें ह्या प्रकरणांतलें खरें बोधक अंतर म्हणजे शनिवार व सोमवार ह्यांमधलें. एक दार फुटलें म्हणजे चोर घरांत आहे असें समजून बाकीचीं सारीं दारें ताबडतोब लावावयाचीं असतात. पण दारें लावणें म्हणजे व्यवहार बंद पाडणें, ग्राहकांचा रोष ओढवून घेणें, उद्यांच्या वर्तमानपत्रांत नांव येणें. एवढा निर्णय सुटीच्या दिवशीं, वरिष्ठ गांवाला गेले असतां, खालच्या कारकुनानें घ्यावा कसा? म्हणून आपत्प्रसंगाच्या योजनेंतलें पहिलें कलम हें, कीं दार लावण्याचा अधिकार कोणाला आहे, तो नसल्यास कोणाला, आणि लावल्याबद्दल त्याला मागाहून कोणी जाब विचारणार नाहीं, हें आधींच लिहून ठेवलेलें असावें. अमेरिकेच्या मानक-संस्थेनें तयारी, ओळख, आवर व पूर्ववत् करणें, आणि मागाहून चिकित्सा अशा पायऱ्या पूर्वीं घालून दिल्या. त्या उत्तमच आहेत. पण ऐंशी पानांची योजना कपाटांत आणि कपाटाची किल्ली रजेवर, असें असेल तर काय उपयोग?

निरोप कोणाला द्यावयाचा, हें दुसरें कलम. बांगला देशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी २०१६ मध्यें असाच दरोडा पडला. चोरांनीं गुरुवारची रात्र निवडली, कारण ढाक्यांत शुक्रवारीं सुटी. स्विफ्टचे निरोप छापणारें यंत्र बंद पडलें तें नेहमींचाच बिघाड म्हणून सोडून देण्यांत आलें. पुढें ‘पैसे थांबवा’ असा निरोप मनिलास गेला तेव्हां तेथें चिनी नववर्षाची सुटी होती. ८ कोटी १० लाख डॉलर हातचे गेले. योजनेंत क्रमांक लिहावयाचे ते कचेरीचे नव्हेत. रविवारीं मध्यरात्रीं जो उचलला जाईल तो क्रमांक लिहावा. आपल्याकडे तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशान्वयें, असा प्रसंग कळल्यापासून सहा तासांच्या आंत सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेस कळविणें संस्थांवर बंधनकारक झालें आहे, आणि यंत्रांतील नोंदी १८० दिवस जपणेंहि. ह्या नोंदींवरच चोराचा माग लागतो. ह्याच कारणासाठीं बाधित संगणक घाईनें बंद करूं नये. त्याची तार किंवा वायफाय तोडावें आणि जाणकार येईपर्यंत तो चालूं ठेवावा, कारण वीज तोडतांच स्मृतींतले कित्येक पुरावे पुसले जातात.

तिसरी गोष्ट प्रतीची. २७ जून २०१७ रोजीं मर्स्क ह्या जहाज-कंपनीचे संगणक जगभर एकाच दिवशीं निकामी झाले, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरांतील तिच्या धक्क्याचेंहि काम अडलें. कंपनीच्या जाळ्याचा मूळ नकाशा ज्या यंत्रांवर होता त्यांच्या प्रती एकमेकींशीं सतत जोडलेल्या असल्यामुळें एकदमच नष्ट झाल्या. वांचली ती घानामधली एक, कारण तेथें त्या वेळीं वीज गेली होती! दैवानें दिलें तें आपण बुद्धीनें मिळवावें: एक प्रत जाळ्यापासून सर्वस्वीं तोडलेली असावी, आणि तीवरून काम खरोखर सुरू होतें काय हें अधूनमधून करून पाहावें.

आतां घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत पैसा जाण्याहून मोठा शत्रु म्हणजे लाज. ‘डिजिटल अटक’ झाली असें सांगून खोटा पोलिस अधिकारी वृद्ध माणसाला तासन्‌तास दूरध्वनीवर डांबून ठेवतो. अशी अटक कायद्यांत मुळींच नाहीं. पण पैसे धाडल्यावर फसवणूक उमगते, आणि आजोबा दोन दिवस कोणाशीं बोलत नाहींत, कारण मुलगा रागावेल, सुना हसतील. तेवढ्या अवधींत पैसा चार खात्यांतून पुढें निघून गेलेला असतो. म्हणून कुटुंबाच्या योजनेंत वर सांगितलेलेंच पहिलें कलम हवें: जो आधीं सांगेल त्याला त्या दिवशीं कोणी बोल लावावयाचा नाहीं. कर्त्या पुरुषानें हें सर्वांसमक्ष एकदां उच्चारून दाखवावें. काकू-मावशींना तें फार आधार देतें.

बाकी सर्व एका कागदावर मावतें. वर १९३० हा सरकारी मदतीचा क्रमांक; त्याखालीं प्रत्येक बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, सिमकार्ड बंद करण्याचा क्रमांक, आणि घरांतील दोन जाणत्यांचीं नांवें, एक परगांवचा असल्यास बरें. हा कागद संगणकांत न ठेवतां कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावा. त्यावर गुप्त शब्द मात्र लिहूं नयेत. तक्रार नोंदविल्यावर मिळणारा क्रमांक व वेळ त्यावरच टिपून घ्यावी. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतों, थोडें शुल्क भरा’ असा दूरध्वनि कांहीं दिवसांनीं येतो, तो दुसरा चोर असतो, हीहि ओळ तळाशीं असूं द्यावी. पाडव्याला व दसऱ्याला कागद काढून सारे क्रमांक एकदां लावून पाहावेत, १९३० सोडून.