टोर्नेडोचा गळा कोणी आवळला?

जीपचं टोर्नेडो 230 इंजिन ‘दुबळं’ आहे असं ठासून सांगणाऱ्यांची मला चीड येते. यातल्या बहुतेकांनी त्याचं हेड कधी खोलून पाहिलेलं नसतं. ‘एम-715’ हा जुना लष्करी ट्रक विकत घ्यायचा, आठवड्याभरात टोर्नेडो भंगारात टाकायचं आणि तिथे व्ही-8 बसवून मिरवायचं, याला हे लोक जीर्णोद्धार म्हणतात.

1962 साली आलेल्या या 3.77 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाचा ब्लॉक जुन्या फ्लॅटहेड इंजिनावरून घेतलेला. फ्लॅटहेडमध्ये हवेला वळसे घालत सिलिंडरात शिरावं लागतं. सॅम्पिएत्रो या अभियंत्याने त्या ब्लॉकवर अर्धगोल दहनकक्षांचं हेड चढवलं, कॅमशाफ्ट वर नेला, तिरपे व्हॉल्व्ह समोरासमोर बसवले. हवा एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. त्या काळी ट्रकच्या बॉनेटखाली इतकं मोकळं हेड अमेरिकेत कोण देत होतं?

आणि त्याच्या तोंडाला लावलं काय, तर एकच कार्ब्युरेटर! 4,000 फेऱ्यांना या इंजिनाला मिनिटाला साधारण साडेसात हजार लिटर हवा लागते. ती एकाच तोंडातून सहा सिलिंडरांत वाटायची, वर लष्करी ट्रकला 5.87 गुणोत्तराचा ॲक्सल द्यायचा, म्हणजे ताशी 60 मैलांलाच इंजिन 3,300 च्या आसपास किंचाळतं. मग ते दमलं की खापर त्याच्याच माथी.

अर्जेंटिनाने हे इंजिन नीट ओळखलं. तोरीनो 380-डब्ल्यू गाडीत त्याला तीन वेबर कार्ब्युरेटर मिळाले आणि अमेरिकेतल्या 140 अश्वशक्तीच्या जागी 176 आली. 1969 साली न्युर्बुर्गरिंगच्या 84 तासांच्या शर्यतीत नामांकित शर्यतपटू फांगिओच्या देखरेखीखाली तीन तोरीनो उतरल्या. त्यातल्या एकीने सगळ्यांत जास्त फेऱ्या मारल्या. सायलेन्सरच्या भानगडीत दंड बसला म्हणून ती चौथी ठरली. साडेतीन दिवस अखंड पळणाऱ्या इंजिनाला दुबळं म्हणायला जीभ कशी रेटते?

‘गरम कॅम टाका, घोडे वाढतील’ असं सांगणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. टोर्नेडोच्या कॅमवर सहा सिलिंडरांना सहाच लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) आहेत. एकच लोब इनटेकही उघडतो आणि एक्झॉस्टही. एकाचा उघडा राहण्याचा काळ वाढवला की दुसऱ्याचा आपोआप वाढतो. व्हॉल्व्ह-ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, फुगतो, आयडलिंगला इंजिन धडधडतं आणि खालच्या फेऱ्यांतली ताकद जाते. ट्रकला नेमकी तीच तर हवी असते! ही त्या रचनेची खरी मर्यादा आहे, आणि कॅम विकणारे ती ग्राहकाला सांगत नाहीत.

तेलगळतीची तक्रार खरी, पण त्यावर गॅस्केट बदलतात, इंजिन नाही. ज्यांना खरोखर ताकद हवी आहे त्यांनी हेड फ्लो-बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, चढवावं, व्हॉल्व्हच्या प्रत्येक लिफ्टला किती हवा जाते ते मोजावं, मॅनिफोल्डसकट पुन्हा मोजावं. मग आकडे समोर ठेवून माझ्याशी भांडावं.