ऋण कोणाचें, विनियोग कोणाचा?

पतीनें केलेलें ऋण पत्नीनें फेडूं नये, पत्नीनें केलेलें पतीनें फेडूं नये. कुटुंबाकरितां केलेलें असेल तर गोष्ट निराळी, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा निर्णय आहे. मात्र गवळी, मद्यविक्रेता, नट, परीट व व्याध यांच्या स्त्रियांचें ऋण पतीनें फेडावें. कारण त्यांची उपजीविका स्त्रियांवरच अवलंबून असते, असा अपवाद तेथेंच सांगितला आहे. स्मृतिकार परळ-लालबागेंत वास्तव्य करिते, तर गिरणी-कामगाराचें नांव त्या यादींत खचित पडतें.

कोंकणांतून व घाटावरून एकट्यानें आलेल्या कामगारांस तेथील चाळींतल्या बाया दोन वेळ जेवूं घालीत. जेवणाचे पैसे पगाराच्या दिवशीं मिळावयाचे. धान्य व तेलमीठ मात्र आधीं वाण्याकडून उधार आणावें लागे. उधारीचा भाव चढा, आणि वाण्याचें भागविण्यास सावकार गांठला कीं त्याचें व्याज निराळें. सरकारी कामगार-कचेरीनें १९२१-२२ सालीं मजुरांच्या जमाखर्चाची जी पाहणी केली, तींत रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षास शेंकडा ७५, हा व्याजाचा रूढ दर आढळला होता. चुलीपुढें राबावें बाईनें व फळ खावें पेढीवाल्यानें, असा तो व्यवहार!

१९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, तरी तारण नसलेल्या बाईस बँकेची पायरी उंचच होती. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्या बायांस ती पायरी चढविली. गहाण ठेवावयास डाग नाहीं. तेव्हां एकीस दुसऱ्या जणींची हमी. हातीं रोकड आल्यावर धान्य रोखीनें घेतां येऊं लागलें, आणि उधारीपायीं जाणारा पैसा घरांत राहूं लागला. पुढें १९८२ च्या संपानें पगारच थांबले, तेव्हां जेवणाऱ्यांबरोबर खानावळींचाही आधार तुटला, हें दुःख निराळें.

स्त्रिया कर्ज संसारास लावतात व पुरुष उधळतात, असें एक मत हल्लीं फार ऐकूं येतें. आमच्या भगिनींस तें रुचेल. पण आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. श्रीलंकेंत लहान धंदेवाल्यांस भांडवल देऊन पाहिलें, तेव्हां पुरुषांचा नफा वाढला, बायांचा सरासरीनें वाढला नाहीं. यावरून बायांस धंदा कळत नाहीं असा निष्कर्ष कोणीं काढिला असता; परंतु रोहिणी पांडे आदि अर्थशास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं श्रीलंका, घाना व आपला देश येथील आंकडे फिरून तपासले. ज्या घरीं बाईचा धंदा हाच एकुलता एक, तेथें तिचा नफा पुरुषाहून कमी नव्हता. ज्या घरीं नवऱ्याचाही धंदा, तेथें तिच्या नांवचा पैसा बहुधा त्याच्याकडे वळला होता.

खानावळवालीचें रहस्य आम्हांस येथें दिसतें. नवऱ्याची नोकरी गिरणींत. गिरणींत कांहीं बायकोचें भांडवल ओततां येत नाहीं. तें चुलीपाशींच राहिलें.

गिरगांव-दादरच्या सुशिक्षित घरांनीं हा प्रश्न दुसऱ्यांचा समजूं नये. महाराष्ट्र शासनानें २०२१ पासून स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत शेंकडा १ सूट दिली. तेवढ्याकरितां पत्नीचें नांव आठवणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि व बंदिवास या प्रसंगीं घेतलेलें स्त्रीधन परत न केलें तरी चालेल, असें याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. धंद्याची हौस त्यांत नाहीं. तेव्हां कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं गृहिणीनें रक्कम कोठें जाणार, हप्ता कोणाच्या मिळकतींतून जाणार, आणि पासबुक कोणाच्या कपाटांत राहणार, हें विचारून घ्यावें. यजमानांस राग आल्यास हें पान त्यांच्यापुढें ठेवावें.