तारखा तपासाव्यात



विज्ञान अकादमींचा सल्ला सरकार ऐकत नाही, हे सांगताना आपल्या रविवारच्या लेखात जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याचा दाखला दिला आहे. सहा अकादमींचा अहवाल झुगारून मंत्र्यांनी वांगे रोखले म्हणे! तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली ९ फेब्रुवारी २०१० रोजी. अहवाल आला त्यानंतर, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, तोही त्यांनीच मागितल्यावर.

दुसरे, त्या अहवालात बीटी वांग्याचा पुरस्कार करणाऱ्या एका लेखातल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. बोभाटा झाल्यावर डिसेंबरमध्ये सुधारित अहवाल काढावा लागला. लेखात याचा उल्लेखही नाही.

तिसरे, अकादमी बोलल्या की दबतात, हेही खरे नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत चुकीचा ठरवला, तेव्हा तीन अकादमींनी संयुक्त पत्रक काढून ठणकावलेच. पण तो प्रश्न विज्ञानात केव्हाच निकाली निघाला होता. वाद शिवाराचा आणि ताटातल्या भाजीचा असतो, तिथे अकादमीच्या नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. पुरावा कुठला, तपासला कोणी, हितसंबंध कोणाचे, हे अकादमींनी अहवालातच छापावे. मग सरकारला जाब विचारायला आम्हीही येऊ.

– एक वांगी उत्पादक, मिरज