दान नको, काच द्या

ग्रहण म्हंजे सावली. चंद्र मध्ये येतो, त्याची सावली पृथ्वीवर पडते. बस्स. आणि सावलीचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पेशवाईत आमच्या बापजाद्यांची सावली पडली की माणसं बाटायची. ग्रहणात तर सूर्यच बाटतो म्हणे! मग त्याला सोडवायला आमच्याच माणसांनी गावभर ओरडायचं, ‘दे दान, सुटे गिराण’. माझी आजी साताऱ्याकडच्या खेड्यात पदर पसरून हेच ओरडली. पदरात काय पडलं? जुनेर आणि पसाभर जोंधळे. सूर्य सुटला, आजी नाही सुटली.

त्याच मुलखाचा दुसरा इतिहास बघा. २२ जानेवारी १८९८. भरदुपारी खग्रास सावली कोकणातून घाट चढून कऱ्हाडवरून गेली. विजयदुर्गावर विलायतेचे नॉर्मन लॉकियर तळ ठोकून होते. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर. बाईनं लग्न केलं म्हणून १८९५ साली ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली. तिनं दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यात सूर्याच्या प्रभामंडळाचा झोत पकडला. इतका लांब झोत तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता. नोकरी गेली, नजर गेली नाही.

कॅमेऱ्यांची तोंडं आभाळाकडे होती. खाली महारवाडा, मांगवाडा होता. पुढं पावणेतीन वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० ला, साताऱ्याच्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दानानं जे झालं नाही, ते त्या पटावरच्या एका नावानं सुरू झालं.

आता तर माणूस अंतराळातून बघतोय. २ सप्टेंबर २०२३ ला उडालेलं आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवर आहे. त्यातल्या यंत्रात सूर्याचं बिंब झाकलं जातं. म्हंजे हवं तेव्हा ग्रहण! आणि खऱ्या ग्रहणाचे वरून काढलेले फोटो पाहा. पृथ्वीवर एक काळा डाग सरकत जातो. त्यात वेस दिसत नाही, मांगवाडा दिसत नाही. सावली सगळ्यांवर पडते, कुणी बाटत नाही.

आणि आपण? २६ डिसेंबर २०१९ ला खंडग्रास ग्रहण होतं. सांगलीत आमच्या गल्लीतली डिग्रीवाली पोरं खिडक्या लावून बसली, सुटल्यावर आंघोळी केल्या. च्यायला, मग डिग्री कशाला घेतली?

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे. आपल्याकडे त्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास खंडग्रास. पावसाळी ढगांनी वाट दिली तर दिसेल. वस्तीतली पोरं बाहेर काढा. चौदा नंबरची वेल्डिंगची काच आणा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच नको, डोळे जातील. मोबाईलच्या भिंगापुढंही काच धरा. काच मिळाली नाही तर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडं पाठ करा, भिंतीवर कोर उतरेल. तिचा फोटो काढा.

कुणी धान्य घेऊन दारात आलंच तर सांगा, दान नको. शाळेला दुर्बीण द्या.