‘कंटिन्यू एनीवे’ची सवय

होस्टेलमध्ये कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला की रूमवर लगेच चार डॉक्टर जमतात, आणि चौघांचं औषध एकच असतं: “फॉरमॅट मार!” वाय-फाय दिसत नाही? फॉरमॅट मार. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं होतं, असं विचारा. एकालाही सांगता येत नाही. कारण ते वाचायच्या आतच ‘ओके’ दाबलेलं असतं.

मित्रांनो, ही सवय जुनी आहे. 2001 साली विंडोज एक्सपी आलं. त्यात न तपासलेला ड्रायव्हर टाकायला गेलं की एक चौकट यायची: हे सॉफ्टवेअर ‘विंडोज लोगो टेस्टिंग’ पास झालेलं नाही. खाली दोन बटणं, ‘कंटिन्यू एनीवे’ आणि ‘स्टॉप इन्स्टॉलेशन’. अख्ख्या पिढीनं पहिलं बटण डोळे मिटून दाबलं. पुढे व्हिस्टाच्या 64 बिट आवृत्तीनं सही नसलेले कर्नल ड्रायव्हर घ्यायलाच नकार दिला. चौकट गेली, सवय मात्र राहिली.

माझं म्हणणं साधं आहे. इशारा हा वाटेतला दगड नाही, तो निदानाचा पहिला रिपोर्ट आहे. तो न वाचता उपचार करणाऱ्याला आपण वैदू म्हणतो, इंजिनिअर नाही.

ड्रायव्हरच्या इशाऱ्याचं एवढं काय? तर ड्रायव्हर बहुधा कर्नलच्या आत चालतो. एखादा साधा प्रोग्राम पडला तर तो एकटाच पडतो. कर्नलमधला ड्रायव्हर पडला तर सगळं मशीन घेऊन पडतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीनं बंद पाडली, ती याच कारणानं. त्या ड्रायव्हरवर तर रीतसर सही होती! म्हणजे इशारा नसला तरी धोका असू शकतो. मग असलेला इशारा का फेकून द्यायचा?

लिनक्सवर तर कर्नल फार मोकळेपणानं बोलतं, फक्त ‘डीमेसेज’ ही कमांड चालवून ऐकायला हवं. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आलं, तर बहुतेक वेळा मॉड्यूल एका कर्नलसाठी बांधलेलं असतं आणि चालू कर्नल दुसरंच असतं. ‘मॉडइन्फो’मधली ‘व्हरमॅजिक’ची ओळ आणि ‘यूनेम’चं उत्तर शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसतो. उपाय म्हणजे चालू कर्नलचे हेडर आणून मॉड्यूल पुन्हा बांधणं. ‘डीकेएमएस’ हेच काम प्रत्येक कर्नल अपडेटनंतर आपोआप करतं. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ आलं, तर भांडण सहीचं आहे. तिथे सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा स्वतःची की तयार करून मशीनमध्ये नोंदवणं आणि तिनं मॉड्यूलवर सही करणं हा सरळ रस्ता.

तिसरा इशारा ‘टेन्टेड’, म्हणजे कर्नल बाटलं. याचा चक्क आकडा मिळतो. समजा 12289 आला. फोड करा: 8192 म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल, 4096 म्हणजे कर्नलच्या मूळ झाडाबाहेरचं, 1 म्हणजे बंदिस्त परवान्याचं. यात 2 मिसळलेला दिसला, तर कुणीतरी मॉड्यूल जबरदस्तीनं घुसवलंय! डिजिटलच्या पेपरात बायनरीची फोड करणाऱ्याला हे जड जाऊ नये.

आता कुणी म्हणेल, “बाटलेलं असलं तरी माझं ग्राफिक्स कार्ड मस्त चालतं की!” अगदी बरोबर. प्रत्येक इशारा म्हणजे बिघाड नव्हे. पण कुठला सोडून द्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवायला आधी तो वाचावा तर लागतो!

होस्टेलवर न वाचण्याची किंमत फार तर एक रात्र. बाहेर ती वेगळी असते. देशातली पहिली आधार कार्डं 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, शहादा तालुक्यात दिली गेली. म्हसावद त्याच तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. आज पेन्शनचा हयातीचा दाखला, पीएम-किसानची ई-केवायसी, बँक मित्राकडून पैसे काढणं, ही कामं बोटाच्या ठशावर होतात. आणि ठशाचं यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसलेला असतो ड्रायव्हर, त्याच्यावर ‘आरडी सर्व्हिस’. सिस्टिम बदलली आणि यांचं जमेनासं झालं, की काउंटरवरून उत्तर मिळतं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” कधी ते खरंही असतं. पण कधी सर्व्हर ठणठणीत असतो आणि स्क्रीनवर आलेला इशारा कुणी वाचलेला नसतो. पाड्यावरून म्हसावदला उतरलेल्या बाईची मात्र त्या दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं.

उलटी बाजूही आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. जुनी यंत्रं विंडोज 11 ला जोडली की ‘मेमरी इंटिग्रिटी’ काही जुने ड्रायव्हर अडवते. झटपट उपाय सगळ्यांना माहीत आहे: ते संरक्षणच बंद करा! पण ज्या मशीनवरून लोकांचे ठसे आणि पैसे जातात, तिथे ‘कंटिन्यू एनीवे’ म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? आधी उत्पादकाचा नवा ड्रायव्हर शोधा, नाही मिळाला तर यंत्र बदला.

ही काउंटर उद्या आपल्यातलेच कुणीतरी उभारणार, सांभाळणार. म्हणून सरांना विनंती: ओएसच्या प्रॅक्टिकलमध्ये एक दिवस मुद्दाम चुकीच्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल द्या आणि मार्क निदानाला ठेवा. आणि होस्टेलकरांनो, कॉमन रूममध्ये एक वही टांगू. इशारा शब्दशः, कर्नलची आवृत्ती, काय केलं, काय झालं, एवढंच लिहायचं. पुढच्या बॅचला ती फॉरमॅटच्या पेनड्राइव्हपेक्षा जास्त उपयोगी पडेल. बघा, पटतंय का!